सीताफळाची चौदा, माणसाची सेहेचाळीस

आमच्या चारकोपात सीताफळांच्या पाट्या येऊ लागल्या, की शेजारच्या आजींचा उत्साह पाहावा. परवा मात्र फराळाचे ताट घेऊन गेलो, तर सीताफळे टोपलीत तशीच. घरात तीन महिन्यांचा नातू. त्याला डाऊन सिंड्रोम असल्याचे रक्ततपासणीत निघाले होते. सून आतल्या खोलीत होती.

आजी हळूच म्हणाल्या, "मास्तर, खरं सांगा. ग्रहणात हिनं काही चिरलं असेल का हो?"

आजींचे 'हळूच' आणि आमच्या म्हाडाच्या भिंती! आत ऐकू गेले असणारच.

मी टोपलीतले एक सीताफळ उचलले. म्हटले, "आजी, याच्या एकेका पेशीत चौदा गुणसूत्रे असतात. आईबापांकडून आलेली सारी शिदोरी त्या सूक्ष्म धाग्यांत. पुढे कर्करोग-संशोधनात नाव मिळविलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी पुण्याच्या शेतकी कॉलेजात एम.एस्सी.साठी सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रेच अभ्यासली. साल 1943."

गंमत अशी, की तेव्हा माणसाची गुणसूत्रे जगाला धड मोजता आली नव्हती! 1923 साली पेंटर या अमेरिकन पंडिताने आकडा दिला 48. मग जो तो मोजी आणि 48च पाही. अखेर 1955 च्या डिसेंबरात स्वीडनमधील लुंड येथे, जावा बेटावर जन्मलेल्या त्यो नावाच्या संशोधकाला ती नीट सुटी सुटी दिसली. भरली 46! लेव्हान यांच्यासह त्याने हे 1956 साली प्रसिद्ध केले. 1959 साली पॅरिसच्या लजून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की डाऊन सिंड्रोमच्या मुलांत एक जास्तीचे, म्हणजे 47 असतात.

पण ते जास्तीचे कोणते? प्रत्येक प्रयोगशाळेचे क्रमांक निराळे. म्हणून 1960 साली अमेरिकेत डेन्व्हर शहरी गुणसूत्रांचे मोजके अभ्यासक जमले. लांबीच्या क्रमाने बावीस जोड्यांना क्रमांक द्यावे, आणि एक्स व वाय यांची अक्षरे ठेवावी, असे ठरले. डाऊन सिंड्रोमचे ते जास्तीचे गुणसूत्र पुढे एकविसावे म्हणून रूढ झाले. नंतर कळले, की एकविसावे हे बाविसाव्याहूनही आखूड आहे. पण नाव रुळले होते, ते तसेच राहिले.

"हे जास्तीचे येते कुठून?" आजींनी विचारले.

"बहुतेक वेळा स्त्रीबीज किंवा पुरुषबीज तयार होताना वाटणी चुकते. जोडीतले एकेक सुटायचे, ते दोन्ही एकत्र जातात. आईचे वय वाढते तशी ही शक्यता वाढते, पण तरुण आयांनाही अशी मुले होतात. आणि ही चूक बहुधा गर्भ राहण्याआधीच झालेली असते. मग ग्रहण, विळी आणि सूनबाई यांचा संबंध येतो कुठे?"

आजी गप्प. मी पुढे सांगितले, की बाळाच्या हृदयाची तपासणी करून घ्या, व्यायाम-उपचार लवकर सुरू करा. क्वचित हा दोष आईबापांपैकी एकाच्या गुणसूत्रांच्या रचनेतून येतो. तसे आहे का, ते बाळाच्या तपासणीच्या कागदावरून डॉक्टर सांगतील. ही मुले सावकाश शिकतात, पण शिकतात. शाळेत जातात, मोठेपणी कामही करतात.

आजींनी बराच वेळ सीताफळाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "म्हणजे एवढे शिकलेले लोक तीस वर्षं चुकीचं मोजत होते?"

"हो. आणि चूक कळल्यावर त्यांनी आकडा बदलला."

आजी उठल्या. टोपलीतले सगळ्यांत पिकलेले सीताफळ बशीत घेतले आणि आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाल्या, "अगं, दार उघड. बाळाला दे माझ्याकडे, आणि तू आधी हे खा. चुकलंच माझं."