थंडीतली सहल : समुद्र कोणता निवडावा?

भाताची झोडणी उरकली की शहापूर-मुरबाडकडे थंडी उतरते. माहुली आणि माळशेजकडचा गारठा पहाटे पत्र्याच्या घरात शिरतो, म्हातारी माणसे शेकोटी सोडत नाहीत. याच दिवसांत घरात विषय निघतो, यंदा मुलांना कुठेतरी न्यायचे. आणि मुले एकच म्हणतात, समुद्र.

मुलांचे म्हणणे चुकीचे नाही. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्राचे पाणी दोन्ही सावकाश करते. म्हणून आपल्याकडे डोंगराच्या पायथ्याशी दात वाजत असतात, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावात एका चादरीवर भागते. सांधे धरलेल्या आजीलाही तिथे सकाळी लवकर बाहेर पडता येते.

आता प्रश्न, कुठला समुद्र? इथे बहुतेक घरांत निर्णय बापाचा किंवा मोबाईलवर चित्रे पाहणाऱ्या मोठ्या मुलाचा असतो आणि पिशव्या आई भरते. आपल्या वस्तीतल्या साठीच्या बायांना विचारा, समुद्र कधी पाहिला? पुष्कळजणींचे उत्तर येईल, ६ डिसेंबरला, चैत्यभूमीवर. तासन् तास रांगेत उभे राहायचे, अभिवादन करायचे आणि गर्दीतून वाट काढत दादर स्टेशन गाठायचे. समुद्र तिथेच बाजूला असतो, पण त्या दिवशी त्याच्याकडे पाहायला कोणी जात नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र एरवी वाळूत पाय पसरून तासभर निवांत बसलेली आई आपल्या घरांत विरळाच. तेव्हा जागा निवडताना पहिला विचार तिचा व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गंमत पाहा. तानसा आणि भातसा धरणांचे पाणी रोज मुंबईला जाते. भातसा नदी काळूला मिळते, काळू उल्हासला, आणि उल्हास वसईच्या खाडीतून समुद्राला. आपल्या तालुक्यांचे पाणी समुद्र गाठते, माणसे मात्र राहून जातात. उन्हाळ्यात त्याच शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, पण तो विषय वेगळा.

गोव्याचे नाव निघालेच तर एवढे लक्षात ठेवावे की रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते आणि डिसेंबरअखेरच्या गाड्यांवर सगळ्या मुंबईचा डोळा असतो. पाच-सहा माणसांच्या घराला तो खर्च पहिल्या सहलीत झेपत नाही.

अलिबागचा विचार जरूर करावा. पनवेलहून तिकडे एसटी गाड्या असतात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट. आजी, आई आणि दोन मुली असलेल्या घराला हा फरक मोठा पडतो. आजीचा वयाचा पुरावा तेवढा पिशवीत असू द्यावा. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते, मुलांना त्याची फार मौज वाटते. गेटवेहून मांडव्याला बोटीने जाण्याची वाटही आहे, पण शहापूरहून आधी मुंबई गाठा, मग बोट धरा, मग पुन्हा बस, यात लहान मूल कंटाळून रडकुंडीला येते. पुढे काशिदची पांढरी वाळू दिसायला सुंदर, पण तिथे लाटांना जोर असतो. लहान मुले असतील तर काशिदला पाण्यात उतरू नये.

२५ डिसेंबरला महाडला जाणारी कुटुंबे विचारतात, तिथूनच श्रीवर्धन-हरिहरेश्वर करून यावे का? अंतराच्या हिशेबाने ते जमते. पण तो नाताळचा आठवडा, खोल्यांचे भाव चढलेले आणि किनारे माणसांनी भरलेले. महाडचा दिवस महाडलाच द्यावा. समुद्र जानेवारीत, मधल्या वारी करावा.

पहिल्यांदाच जाणाऱ्या घराला मी केळवे सुचवीन. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर केळवे आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. आसनगावहून दादर, दादरहून विरार, विरारहून डहाणू लोकल धरून केळवे रोड. मुरबाडकरांनी एसटीने कल्याणला येऊन गाडी धरावी. गाड्या बदलण्याचा वेळ धरून चार-साडेचार तास जातात, म्हणून एक रात्र मुक्काम धरावाच. एका दिवसात जाऊन-येऊन केले तर सगळी सहल डब्यात बसण्यात जाते. तीन घरे मिळून जीप केली तर शहापूरहून वाडा, मनोर, पालघर असा रस्ता आहे. स्टेशनपासून किनारा सात-आठ किलोमीटर, रिक्षा मिळतात. लांबलचक वाळू, काठाने सुरूची झाडे, त्यांच्या सावलीत आजीला चटई टाकून देता येते. गावात घरगुती राहण्याची सोय होते. खोली ठरवताना समुद्र दिसतो का हे नंतर विचारा, संडास किनाऱ्यापासून किती लांब आहे हे आधी विचारा. आपल्या बाया प्रवासात त्या अडचणीपायी दिवसभर पाणी पीत नाहीत आणि घरी आल्यावर आजारी पडतात.

वेळ हाताशी असेल तर परतताना नालासोपाऱ्याला उतरावे. तिथल्या ‘बुरूड राजाच्या कोटात’ भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली खणून बौद्ध स्तूप उजेडात आणला. सोपारा हे जुने बंदर होते आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथे सापडला, हे मुलांना पुस्तकातून सांगण्यापेक्षा जागेवर उभे राहून सांगितलेले बरे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपली मुले काळूत, भातसात पोहायला शिकलेली असतात, म्हणून त्यांना पाण्याची भीती नसते. समुद्रात हीच गोष्ट घात करते. नदीचे पाणी एका दिशेला वाहते. समुद्राचे पाणी काठाला येते आणि ओहोटीला पायाखालची वाळू काढून आत ओढते. हिवाळ्यात समुद्र शांत दिसतो, त्यावरही जाऊ नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो महिना थंडीचाच होता.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी, तो भरतीचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि ती उधाणाची, म्हणजे मोठी असते. पौर्णिमा आपल्याकडे विहारात जाण्याचा दिवस, ती घरीच पाळावी. सहलीला अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडावेत. तेव्हा भरती भांगाची, म्हणजे लहान असते. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून तिथल्या कोळी बांधवांना एकदा विचारून घ्यावे आणि ते नको म्हणाले तर वाद घालू नये.

मुलांना गुडघ्यापुढे पाण्यात सोडू नये. एक मोठे माणूस फक्त मुले मोजायला काठावर बसवावे, आणि ते माणूस आई नसावे. बापाने, काकाने पाळी लावून बसावे. पोहणारा ओढला गेलाच तर त्याने काठाकडे झगडत दम घालवू नये, काठाच्या समांतर पोहत ओढ सोडून बाहेर यावे. भिजलेली साडी पायात गुंडाळते, म्हणून पाण्यात उतरणाऱ्या बायांनी पंजाबी ड्रेस घालावा, लोक काय म्हणतील याची चिंता करू नये.

केळवे रोडला उतरल्याबरोबर परतीच्या गाड्यांच्या वेळा स्टेशनवर विचारून कागदावर लिहून घ्याव्यात. विरारपुढे गाड्या कमी आहेत, एक चुकली तर बराच वेळ बसावे लागते. जाताना वाटेपुरती भाकरी-चटणी बांधून न्यावी. मुक्कामाच्या जागी मात्र स्टोव्ह, पातेली, तांदूळ असले काही नेऊ नये. रात्रीचे जेवण खानावळीत आधी सांगून ठेवावे, म्हणजे तेवढा वेळ आईलाही वाळूत बसता येईल.