सोबत मोफत मिळालेलं सॉफ्टवेअर उद्या पैसे मागायला लागलं, तर तुमचे हक्क काय?

तीन तारखा आत्ताच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा: जुलै २०२६, नोव्हेंबर २०२६ आणि एप्रिल २०२७.

एअरटेलने जुलै २०२५ मध्ये आपल्या सुमारे ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर मोफत देऊ केलं. कंपनीने त्याची किंमत १७,००० रुपये सांगितली होती. ३० ऑक्टोबर २०२५ ला जिओ आणि गूगलने जेमिनीचा प्रो प्लॅन १८ महिने मोफत जाहीर केला, किंमत ३५,१०० रुपये. पाठोपाठ ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो भारतात एक वर्ष मोफत झालं. एरवी त्याचे महिन्याला ३९९ रुपये पडतात. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात या ऑफर घेतल्या, त्यांची मुदत वरच्या तीन महिन्यांत संपायला लागेल.

मग काय होणार? काहींच्या खात्यातून पैसे कापले जातील, काहींची फीचर्स बंद होतील आणि काहींना कळेल की आपले फोटो आणि मेल आता कुणाच्या तरी मासिक बिलावर अवलंबून आहेत. तेव्हा ‘फसवलं’ म्हणून रील्स येतील. पण यातली प्रत्येक गोष्ट फसवणूक नसते. मोफत मुदत संपणं हा अन्याय नाही. ती कधी संपणार, पुढे किती लागणार आणि नको म्हटलं तर काय गमवावं लागणार, हे आधी नीट सांगितलं नसेल तर तो अन्याय. भारतातले नियमही नेमके याच मुद्द्यावर तुमच्या बाजूने बोलतात.

सोबत येणारं सॉफ्टवेअर तीन प्रकारचं

फोन, लॅपटॉप किंवा रिचार्जसोबत सॉफ्टवेअर येतं तेव्हा आपण सगळ्याला सरसकट ‘फ्री मिळालं’ म्हणतो. खरं तर त्यात तीन वेगळे व्यवहार असतात.

पहिला, कायमचा परवाना. आज बऱ्याच लॅपटॉपसोबत ऑफिस होम २०२४ येतं. वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट त्या लॅपटॉपवर वर्गणी न भरता चालतात. दुकानदार याला ‘लाइफटाइम’ म्हणतो, पण ते आयुष्य त्या लॅपटॉपचं असतं, तुमचं नव्हे. मशीन बदललं की परवाना सोबत येत नाही. शिवाय चालणं वेगळं आणि अपडेट मिळणं वेगळं. ऑफिस २०२१ चा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतोय. त्यानंतरही ते उघडेल, पण सिक्युरिटी अपडेट येणार नाहीत.

दुसरा, ठरावीक मुदतीची वर्गणी. लॅपटॉपसोबत आलेला अँटिव्हायरस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ ची ट्रायल या प्रकारातली. गोंधळ इथेच होतो, कारण ऑनलाइन दुकानात दोन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहिलेल्या असतात: ‘ऑफिस होम २०२४ + एम३६५ बेसिक, १ वर्ष’. यातला पहिला भाग राहणारा आणि दुसरा वर्षाने जाणारा. एखाद्या लॅपटॉपवर नुसतं ‘एमएस ऑफिस’ लिहिलं असेल आणि घरी आल्यावर ती महिनाभराची ट्रायल निघाली, तर मुदत संपल्यावर फाइल उघडता येते, प्रिंट काढता येते, पण त्यात एक अक्षर बदलता येत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री हे कळणं किती महागात पडतं, ते कुठल्याही कॉलेजच्या पोराला विचारा.

तिसरा, कंपनीच्या सर्व्हरवर चालणारं फीचर. दिसतं फोनमध्ये, पण काम दुसरीकडे होतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून कंपनीची बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. फोनच्याच चिपवर चालणाऱ्या फीचरला विक्रीनंतर कंपनीला फारसा खर्च येत नाही. सर्व्हरवरच्या एआयला मात्र तुमच्या प्रत्येक वापरामागे खर्च येतो. त्यामुळे असं फीचर कायम मोफत ठेवणं कंपनीला जड जातं, यात तथ्य आहे. प्रश्न इतकाच, की हा हिशोब फोन विकतानाच का सांगत नाहीत?

तळटिपेतली मुदत

सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ आणला. भारतात किंमत ७९,९९९ रुपयांपासून सुरू. जाहिरातीचा सगळा भर गॅलेक्सी एआयवर होता: कॉलचं भाषांतर, फोटोतून वस्तू काढणं, नोट्सचा सारांश. आणि बारीक अक्षरात एक तळटीप होती, की ही फीचर्स २०२५ च्या अखेरपर्यंत मोफत राहतील.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी फोन विकला जात होता, तिची हमी दोन वर्षांपुरतीच होती. पुढे मूळ फीचर्सवर पैसे लावले गेले नाहीत, ही चांगली गोष्ट. पण मुद्दा राहतोच. तीन-चार वर्षं वापरायचा म्हणून आपण ऐंशी हजारांचा फोन घेतो, आणि त्याचं मुख्य आकर्षण अर्ध्या वाटेत कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं असतं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ पासून लागू आहेत. त्यांच्यानुसार, जाहिरातीतल्या दाव्यासंबंधीची महत्त्वाची माहिती तळटिपेच्या आड लपवता येत नाही. शिवाय तळटीप दाव्याच्याच भाषेत असावी लागते. म्हणजे चौकातल्या होर्डिंगवर मराठीत ‘मोफत’ लिहिलं असेल, तर ‘अटी लागू’वाला मजकूरही मराठीतच हवा. हा नियम आपल्या फार कमी लोकांना ठाऊक आहे.

खरा गळ स्टोरेजमध्ये आहे

जिओच्या ऑफरमध्ये चॅटबॉटसोबत २ टीबी क्लाउड स्टोरेजही आहे. माझ्या मते सगळ्यात जपून वापरायची गोष्ट तीच.

चॅटबॉट बंद झाला तर दुसरा वापरता येतो. स्टोरेजचं तसं नाही. गूगलची मोफत मर्यादा १५ जीबी आहे आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो हे सगळं मोजलं जातं. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही आता त्यातच येतो. दीड वर्षात तुम्ही ३०० जीबी फोटो-व्हिडिओ भरले आणि ऑफर संपली, की तुम्ही मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेले असता. मग नवीन फोटोंचा बॅकअप थांबतो आणि जीमेलवर मेल येणं-जाणंही बंद होतं. ही स्थिती दोन वर्षं राहिली, तर गूगल साठवलेला मजकूर काढून टाकू शकतं. नोकरीच्या इंटरव्ह्यूचा मेल त्याच जीमेलवर येणार असेल, तर तुम्ही किती दिवस ‘नको’ म्हणू शकाल?

एअरटेलची आणखी एक ऑफर पाहा. मे २०२५ मध्ये त्यांनी पोस्टपेड आणि वायफाय ग्राहकांना गूगल वनचं १०० जीबी स्टोरेज सहा महिने मोफत दिलं. त्यानंतर दरमहा १२५ रुपये बिलात जोडले जातील आणि नको असेल त्याने सदस्यत्व बंद करावं, हे कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. माहिती दिली, म्हणून लपवाछपवीचा आरोप इथे टिकणार नाही. पण आठवण ठेवायची जबाबदारी ग्राहकावर आली. पाचशे-सहाशेच्या बिलात सव्वाशे रुपये वाढले, तर घरात ते कोण तपासतं?

कायदा काय म्हणतो

३० नोव्हेंबर २०२३ ला प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारच्या डिझाइनची यादी आहे. आपल्या विषयाशी तीन थेट जोडलेले आहेत:

• सबस्क्रिप्शनचा सापळा: रद्द करण्याचा पर्याय लपवणं किंवा ती प्रक्रिया मुद्दाम किचकट करणं. मोफत सबस्क्रिप्शनसाठी पेमेंटचे तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी सक्तीने घेणं हेही यातच येतं.
• ड्रिप प्रायसिंग: एखादी गोष्ट मोफत म्हणून दाखवायची, पण पुढे वापरण्यासाठी ॲपमध्ये पैसे भरावे लागतील हे नीट सांगायचं नाही.
• सास बिलिंग: मोफत ट्रायल संपून पैसे सुरू होताना ग्राहकाला कळवायचंच नाही.

पहिला मुद्दा पुन्हा वाचा. चॅटजीपीटी गोच्या मोफत वर्षासाठी कार्ड किंवा यूपीआय जोडावं लागत होतं आणि रद्द न केल्यास वर्षानंतर पैसे सुरू होणार, असं कंपनीने सांगितलं होतं. नियमाच्या शब्दांवर ही पद्धत कितपत टिकते, हा रास्त प्रश्न आहे. ‘सगळेच असं करतात’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल एक कामातलं निरीक्षण. ज्या कोडला पैसे कापायची तारीख कळते, त्याच कोडला आठवण करून द्यायचीही तारीख कळते. रिमाइंडर पाठवणं अवघड नसतं. तो येत नसेल, तर कुणीतरी तसं ठरवलेलं असतं.

पैशांच्या बाजूने रिझर्व्ह बँकेचा नियम मदतीला आहे. कार्ड किंवा यूपीआयवरचं ऑटोपे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना मिळालीच पाहिजे आणि तिथून नकार देता आला पाहिजे. बहुतेक व्यवहारांत १५,००० रुपयांच्या वरच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागतो. पण मोबाइलच्या बिलात मिसळलेल्या रकमेला हे कवच तसं मिळत नाही. तिथे सूचना येते ती अख्ख्या बिलाची.

‘फुकटच तर होतं ना!’

तक्रार केलीत, की कंपनीचा पहिला बचाव हाच असेल. आणि त्यात कायदेशीर तथ्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘सेवा’ची व्याख्या पूर्णपणे मोफत दिलेल्या सेवेला वगळते.

म्हणूनच ‘सोबत’ हा शब्द महत्त्वाचा. जिओची ऑफर मिळवायला आणि टिकवायला पात्र ५जी अनलिमिटेड प्लॅन चालू ठेवावा लागतो. ऑफिस मिळायला लॅपटॉप विकत घ्यावा लागतो. म्हणजे तुम्ही पैसे मोजलेत आणि सॉफ्टवेअर त्या सौद्याचा भाग आहे, असा युक्तिवाद तुम्ही करू शकता. त्याचा आधार दोन कागद: बिल, आणि खरेदीच्या वेळी दिसलेली जाहिरात. कंपनीचं वेबपेज रात्रीत बदलतं, तुमचा स्क्रीनशॉट बदलत नाही.

प्राधिकरणांनी मनावर घेतलं तर काय होतं, हे ऑस्ट्रेलियात दिसलं. मायक्रोसॉफ्टने ३६५ मध्ये कोपायलट जोडला आणि पर्सनल प्लॅन वर्षाला १०९ वरून १५९ ऑस्ट्रेलियन डॉलरवर नेला. कोपायलट नसलेला जुन्या किमतीचा ‘क्लासिक’ प्लॅन उपलब्ध होता, पण तो सबस्क्रिप्शन रद्द करायला घेतल्यावरच दिसायचा. तिथल्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टात दावा लावला. सुमारे २७ लाख ग्राहकांची दिशाभूल झाल्याचा आरोप होता. काही दिवसांतच कंपनीने माफी मागितली आणि क्लासिकवर जाणाऱ्यांना परतावा देऊ केला. तिथेही आक्षेप किंमत वाढण्यावर नव्हता, पर्याय लपवण्यावर होता.

आता तुम्ही काय करायचं

खरेदीआधी: ‘फ्री’ शब्द दिसला की तीन प्रश्न विचारा. किती दिवस? नंतर किती? बंद केलं तर माझ्या डेटाचं काय? उत्तर दुकानदाराच्या तोंडी न घेता व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. प्रॉडक्ट पेजचा तळटिपेसकट स्क्रीनशॉट ठेवा.

वापरताना: यूपीआय ॲपमधलं ऑटोपे किंवा मँडेट पान आणि प्ले स्टोअरमधलं सबस्क्रिप्शनचं पान महिन्यातून एकदा उघडा. नको ते तिथेच रद्द करा. नुसतं ॲप अनइन्स्टॉल केल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. मोफत स्टोरेज मूळ मर्यादेच्या वर भरत असाल, तर त्या फाइल्सची एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवा.

पैसे कापले गेले तर: आधी कंपनीला लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे परभणीच्या ग्राहकाला कंपनीच्या गुरुग्रामला जायची गरज नाही. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची.

१२५ रुपयांसाठी कोण आयोगात जातं, असं वाटेल. कंपन्यांचंही गणित नेमकं त्यावरच असतं. एकाचे १२५ रुपये किरकोळ, पण लाखभर लोक विसरले तर महिन्याला सव्वा कोटी होतात. आयोगात जाणं जमलं नाही तरी १९१५ वरची तक्रार सोडू नका. एकाच ऑफरबद्दल शंभर तक्रारी नोंदल्या गेल्या, तर ‘ग्राहकानेच अटी वाचल्या नाहीत’ हे उत्तर पुरत नाही.