मामांच्या तबकड्या आणि माझे वेगळे मत



चार माणसांत आपले मत वेगळे पडले की गप्प बसावे, ही सवय आपल्यापैकी पुष्कळांना लहानपणापासून असते. मलाही होती. गंमत अशी की, ती मला शाळेत लागली नाही. ती लागली माझ्या मामांच्या घरी, विलायती गाण्यांच्या तबकड्या ऐकताना.

मामा १९७२ साली नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेले. त्या काळी आपल्या बेटावरची कितीतरी मुले-मुली त्याच वाटेने गेली. काही तिकडेच स्थायिक झाली, मामा परत आले. येताना त्यांच्या पेटीत कपड्यांपेक्षा तबकड्याच जास्त होत्या, असे आजी सांगत असे. रविवारी दुपारी जेवण आटोपले की मामा ग्रामोफोन लावायचे आणि आम्ही भाचरंडे चटईवर बसून ऐकायचो. मध्ये बोललेले त्यांना खपत नसे.

त्या संगीताला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात, म्हणजे पुढे पाऊल टाकणारे रॉक. ज्यांना हे नाव नवे आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. आपल्या आजोबांच्या वेळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटे मावत, म्हणून गाणेही तेवढेच असे. १९४८ साली लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची जागा मिळाली. १९६९ साली किंग क्रिमसन या इंग्रज मंडळींची पहिली तबकडी निघाली. पाठोपाठ येस, जेनेसिस, जेथ्रो टल यांनी ही जागा मनसोक्त वापरली. इमर्सन, लेक अँड पामर यांनी तर मुसोर्गस्की या रशियन संगीतकाराची रचनाच रॉकमध्ये वाजवली. येसचे १९७२ चे 'क्लोज टू द एज' तबकडीची एक अख्खी बाजू व्यापते. त्याच वर्षीचे जेनेसिसचे 'सपर्स रेडी' तेवीस मिनिटांचे आहे. ही दोन्ही मला आजही अतिशय प्रिय आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

परंतु नाव पुरोगामी असले तरी या संगीताचे भक्त मोठे सोवळे. त्यांचे काही नियम ठरलेले. पीटर गेब्रिएल १९७५ साली बाहेर पडले आणि जेनेसिस संपले, हा पहिला नियम. रचना जितकी लांब तितकी थोर, हा दुसरा. आणि जे गाणे छोटे आहे व खपते, ते म्हणजे शुद्ध फितुरी, हा तिसरा. मामा हे तिन्ही नियम पाळत.

मी बारा-तेरा वर्षांची असताना एका मैत्रिणीने मला जेनेसिसच्या १९८६ च्या 'इन्व्हिजिबल टच'ची कॅसेट दिली. मला ती फार आवडली. मोठ्या उत्साहाने मामांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "पोरी, ते जेनेसिस नव्हे, दुकान आहे." सगळे हसले. त्यानंतर वीस वर्षे मी ती कॅसेट त्यांच्या घरी नेली नाही.

आज मात्र माझे मत उघडपणे मांडते.

पहिल्या नियमाविषयी. गेब्रिएल गेल्यावर बऱ्याच गायकांची परीक्षा घेऊन झाली आणि शेवटी ढोल वाजवणारे फिल कॉलिन्सच गाऊ लागले. ते १९७० पासून त्या मंडळात होते, आधीच्या तबकड्यांवरही त्यांचा आवाज आहे. टोनी बँक्स आणि माइक रदरफोर्ड तर आरंभापासून अखेरपर्यंत होते. १९७६ ची 'अ ट्रिक ऑफ द टेल' ऐका. जुन्या जेनेसिसची घडण तीच आहे, उलट गाणी अधिक नेटकी आहेत. मार्च २०२२ मध्ये लंडनला जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम झाला तेव्हा स्वतः गेब्रिएल प्रेक्षकांत हजर होते. ज्यांनी घर सोडले त्यांचा राग नाही, मग आपण शेजाऱ्यांनी किती दिवस रुसून बसायचे?

दुसऱ्या नियमाविषयी. १९७३ साली येसने 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' ही जोड तबकडी काढली: चार बाजू, चार रचना. तिची प्रेरणा परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातील एका तळटीपेतून मिळालेली, म्हणून आपल्याला तिचे कौतुक वाटावे. पण माझ्या मते तिच्यात दीड बाजू पाणी घातले आहे. हे मी एकटीच म्हणत नाही. त्यांचेच वादक रिक वेकमन म्हणत की मजकूर एका तबकडीला जास्त आणि दोन तबकड्यांना कमी होता. मँचेस्टरच्या कार्यक्रमात कंटाळून आपण मंचावरच करी खाल्ली, अशी हकिकत ते स्वतः सांगतात. १९७४ साली ते मंडळ सोडून गेले. जेथ्रो टलने तर १९७२ साली असल्या लांबलचक तबकड्यांची थट्टा म्हणून एकाच रचनेची 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' काढली. पुष्कळ भक्तांनी ती थट्टाही गंभीरपणे पूजेला लावली.

तिसरा नियम. १९८३ साली येसने '९०१२५' काढली. तिच्यातील 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' हे गाणे जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. भक्तांनी कपाळाला हात लावला. पण नीट ऐकले तर त्या छोट्या गाण्यात किती प्रकारचे आवाज अनपेक्षित ठिकाणी येतात! पुढे पाऊल टाकणे यालाच ना म्हणायचे? १९८३ साली १९७२ चीच तबकडी पुन्हा काढली असती, तर तिला पुरोगामी कसे म्हणता आले असते?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खपते ते सगळे चांगले, असे माझे म्हणणे नाही. इमर्सन, लेक अँड पामर यांची १९७८ ची 'लव्ह बीच' मला मुळीच आवडत नाही. आणि केवळ उठून दिसावे म्हणून जगाच्या उलट बोलणाऱ्याचे मत हेही उसनेच मत. तो गर्दीकडे पाहूनच बोलतो, फक्त तोंड उलटीकडे करून. मत आपले व्हायला आधी कान द्यावा लागतो.

हे सारे एका शिक्षिकेने का लिहावे? कारण माझ्या वर्गात हेच रोज घडते. शिक्षक-प्रशिक्षणात आम्हाला शिकवले होते की, उत्तरापेक्षा 'का' महत्त्वाचे. मी मुलांना विचारते, "हा धडा तुम्हाला आवडला का?" सगळे एका सुरात म्हणतात, "हो, मिस." का आवडला, म्हटले की वर्ग चिडीचूप. मग एखादी मुलगी चाचरत म्हणते, "मिस, मला नाही आवडला." त्या वेळी माझा चेहरा कसा होतो, यावर ती मुलगी पुन्हा कधी खरे बोलेल की नाही हे ठरते. एका हसण्याने माझी वीस वर्षे गेली. मामांच्या मनात काही वाईट नव्हते, आणि माझ्याही नसते.

आपल्या घरीही असेच. झाकडीला कीबोर्ड लावला की वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. नाक मुरडण्याचा त्यांना हक्क आहे. पण आधी शेवटपर्यंत ऐकावे, आणि मग काय बिघडले ते पोरांना सांगावे. तेवढे केले तर पोरेही जुनी चाल बसून ऐकतील.

मामांनी आता सत्तरी ओलांडली आहे. काही वर्षांपूर्वी एका रविवारी मी धीर करून त्यांना हे सगळे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझे चुकते आहे." आणि उठून कपाटातून 'अ ट्रिक ऑफ द टेल' काढली. तिच्यावर धूळ होती. इंग्लंडमध्ये विकत घेतली, एकदा अर्धी ऐकली आणि ठेवून दिली, असे ते म्हणाले. त्या दुपारी आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. त्यांचे मत बदलले नाही. पण या वेळी का, ते त्यांनी मला तासभर समजावून सांगितले.