विश्लेषण : चष्म्याचा नंबर बदलूनही नीट दिसत नाही? दोष डोळ्याच्या मागेही असू शकतो…

नजर कमी झाली की आपल्याकडे पहिली पायरी चष्म्याच्या दुकानाची. आधी नंबर बदलून पाहायचा, मग मोतीबिंदूची शंका घ्यायची. बहुतेकांच्या तक्रारीचे उत्तर तिथेच मिळते. मात्र काही रुग्णांचा डोळा निरोगी असतो आणि बिघाड त्याच्या मागे, कवटीच्या तळाशी असतो. तेथील गाठीची पहिली चाहूल अनेकदा डोळ्यांतूनच लागते.

कवटीचा तळ आणि नजरेचा संबंध काय?

मेंदू ज्या हाडांच्या बैठकीवर टेकलेला असतो, तो कवटीचा तळ. दोन्ही डोळ्यांच्या मुख्य नसा येथून आत शिरतात आणि पिट्युटरी ग्रंथीच्या वर, साधारण एक सेंटिमीटरवर एकत्र येतात. तिथे त्यांचे निम्म्याहून अधिक तंतू एकमेकांना छेदून पलीकडे जातात. वाटाण्याएवढ्या या ग्रंथीतील गाठ वाढून वर सरकली की या छेदावर दाब येतो. हे तंतू बाहेरच्या बाजूचे दृश्य वाहून नेत असल्याने उजव्या डोळ्याची उजवी आणि डाव्या डोळ्याची डावी बाजू पुसट होत जाते. ग्रंथीच्या दोन्ही अंगांना डोळे हलवणाऱ्या नसा असतात. त्या दबल्यास एकाचे दोन दिसते किंवा पापणी खाली येते.

नेहमीच्या तपासणीत हे का सुटते?

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता नजरेचा मध्यभाग तपासतो. कडा गेलेल्या असल्या तरी रुग्ण शेवटची ओळ वाचू शकतो आणि कागदावर ६/६ अशी नोंद होते. हा बदल हळूहळू होत असल्याने रुग्णालाही तो उमगत नाही. दाराच्या चौकटीला खांदा लागणे, बाजूने आलेली दुचाकी उशिरा दिसणे याचे खापर वयावर किंवा वेंधळेपणावर फुटते.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष नको?

एका डोळ्याने लाल रंग फिका दिसणे, नंबर बदलूनही किंवा मोतीबिंदू काढूनही नजर न सुधारणे, एक डोळा पुढे आल्यासारखा वाटणे आणि एक डोळा झाकताच नाहीसे होणारे दुहेरी दिसणे, ही त्यातली प्रमुख. सोबत पाळी बंद होणे, बाळंतपण नसताना स्तनातून दूध येणे किंवा अंगठी, चप्पल घट्ट होऊ लागणे असे बदल असतील तर पिट्युटरीची शंका बळावते. अचानक असह्य डोकेदुखी होऊन नजर गेली, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावे. गाठीत रक्तस्राव झाल्याचे ते लक्षण असू शकते. अर्थात, दुहेरी दिसणे मधुमेहातही आढळते. त्यामुळे घाबरण्यापेक्षा तपासणी महत्त्वाची.

निदान आणि उपचार कसे होतात?

डॉक्टर समोर बसून, रुग्णाचा एकेक डोळा झाकून, बाजूला बोटे दाखवतात. यास दोन-तीन मिनिटे लागतात आणि यंत्र लागत नाही. शंका आल्यास दृष्टिक्षेत्राची चाचणी आणि एमआरआय केला जातो. पिट्युटरीच्या बहुतांश गाठी कर्करोगाच्या नसतात. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवणाऱ्या गाठी बहुतेकदा कॅबरगोलिनसारख्या गोळ्यांनीच आक्रसतात. इतर अनेक गाठी दुर्बिणीने नाकावाटे काढता येतात.

मग अडचण कुठे आहे?

ती वेळेची आहे. दाब लवकर हटला तर नजर बऱ्याचदा सुधारते. पण नस एकदा सुकली की गाठ काढूनही गेलेली नजर परत येत नाही. म्हणूनच नेत्रशिबिरे केवळ नंबर आणि मोतीबिंदूपुरती मर्यादित राहणे परवडणारे नाही. बोटांची ती साधी चाचणी तिथे सहज समाविष्ट करता येईल. आणि योग्य चष्म्यानेही दिसत नसेल, तर ग्राहकाला तिसरा चष्मा विकण्याऐवजी नेत्रतज्ज्ञाकडे धाडणे, हे दुकानदाराचेही कर्तव्य ठरते.