घटका, टोमॅटो आणि खिडकीपाशी उभा असलेला माणूस

हल्ली वहीची जागा नोशनसारख्या संगणकातल्या वह्यांनी घेतली आहे. मीही वाचनाची टिपणं, नाटकांच्या नोंदी, अर्धेमुर्धे लेख त्यातच ठेवतो. आता त्या पानावर घड्याळही येऊन बसलंय. तिरकी रेघ मारून ‘एम्बेड’ निवडायचं, एखाद्या टायमरचा पत्ता चिकटवायचा, की लिखाणाच्या डोक्यावर आकडे उलटे धावू लागतात. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विसावा. अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी.

या पद्धतीचं नाव पोमोदोरो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने, अभ्यासात मन लागेना म्हणून, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ समोर ठेवलं. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, एवढंच त्या भारदस्त नावाचं रहस्य!

आपल्याला याचं फार अप्रूप वाटायला नको. आपली घटका २४ मिनिटांची. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की घटका भरली. लग्नाचा मुहूर्त तिच्यावरच साधायचे. आलेल्या पाहुण्याला आपण ‘घटकाभर टेका’ म्हणतो ना, तीच ही घटका. चिरिल्लोशी एका मिनिटाचा काय तो फरक.

मात्र ती वाटी एकदा पाण्यावर सोडली की तिला कुणी हात लावत नसे. चिरिल्लोचाही नियम तोच आहे: पोमोदोरो अखंड, मध्येच मोडला तर तो धरायचा नाही, नवा सुरू करायचा. पडद्यावरच्या टायमरला बहुधा थांबवायचं बटण असतं. शिवाय रंग बदला, चित्र बदला, पावसाचा आवाज लावा. (तो आवाज गोव्यात जून ते सप्टेंबर फुकट मिळतो, आणि त्या दिवसांत नेट गेलं की टायमरही उघडत नाही.) पान सजवण्यातच घटका जाते.

माझ्या मते या पद्धतीतली खरी मोलाची गोष्ट आहे व्यत्ययाची नोंद. आपल्याच मनातून उठलेल्या व्यत्ययाला वर एक स्वल्पचिन्ह, बाहेरून आलेल्याला आडवी रेघ. मी टायमरच्या खाली हे दोन रकाने ठेवले आहेत. रात्री लेख लिहिताना आडव्या रेघा क्वचितच पडतात. स्वल्पचिन्हं मात्र भरपूर! एखाद्या नाटकाचं साल, एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती, आत्ताच पाहिली पाहिजे असं वाटत राहतं. ते तिथेच टिपून ठेवायचं आणि लिहीत राहायचं. लेखासाठी हा टायमर मी जरूर वापरावा म्हणेन.

कचेरीत मात्र नाही. आमच्याकडचा एक तरुण सहकारी परवा सुचवत होता की टेबलावरच्या संगणकावरही हे लावू. खिडकीपाशी उभा असलेला माणूस या हिशेबात कुठे बसतो? सकाळची बस धरून, एका कागदासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून तो आलेला असतो. त्याच्या नावाने आडवी रेघ मारायची? बाहेरून आलेल्या व्यत्ययासाठी चिरिल्लोचा सल्ला असा: आपण कामात असल्याचं सांगा, दुसरी वेळ ठरवा, मग स्वतःहून संपर्क साधा. सरकारी भाषेत याचा अनुवाद फार पूर्वीच झालेला आहे: ‘उद्या या.’ तिसरी पायरी तेवढी आपण गाळली.

तो माणूस हेच तर आमचं काम. पण फायलीवर टिप्पणी लिहायला, टपालाची नोंद करायला, हिशेब जुळवायला सलग वेळ लागतो हेही खरं. मग एकाने खिडकी सांभाळावी, दुसऱ्याने आत बसून दोन घटका फाइल लिहावी, आणि नंतर जागा बदलाव्यात. त्याला टायमर लागत नाही, भिंतीवरचं घड्याळ पुरतं. दुसरा कारकून मात्र लागतो, आणि आमच्या विभागातली ती जागा रिकामी आहे.