शब्द पाळणारी शाळा

पहिले सत्र संपत आले की महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांमधून एक लेखनप्रकार अमाप निपजतो. त्याला वर्णनात्मक नोंदी म्हणतात. ‘इतरांशी मिळूनमिसळून वागतो’, ‘वर्गमित्रांना मदत करते’, ‘आपले मत धीटपणे मांडते’, ‘रागावर नियंत्रण हवे’ अशी वाक्ये हजेरीपटातल्या प्रत्येक नावापुढे लिहायची असतात. शिक्षणहक्क कायद्यापाठोपाठ सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले तेव्हा हेतू चांगला होता. भाषा-गणिताच्या गुणांपलीकडेही मूल असते, हे शाळेने विसरू नये एवढाच तो होता. आता या नोंदींच्या तयार याद्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात आणि त्यांतले एकेक वाक्य उचलून नावापुढे बसवले जाते. दिवाळी अंकांच्या हंगामात सर्वाधिक वितरण असलेले ललित साहित्य बहुधा हेच असेल! यात शिक्षकांना हसण्यासारखे काही नाही. वर्गभर मुलांच्या मनाचा हिशेब रकान्यांत भरायला सांगितल्यावर कोणीही हेच करील. पण नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने सामाजिक-भावनिक शिक्षण, जीवनकौशल्ये, समग्र प्रगतिपत्रक हे शब्द पुन्हा जोरात आले असताना एक गोष्ट आधीच बोलून ठेवायला हवी. ही कौशल्ये लहान मुलांना शिकवता येतात. मात्र जिथे मोठी माणसे मुलांना दिलेला शब्द पाळत नाहीत, तिथे ती कितीही तासांत शिकवता येणार नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी केली. स्व-जाणीव, समानुभूती, समस्या निराकरण, निर्णयक्षमता, भावनांचे समायोजन, ताणतणावांचे समायोजन वगैरे ही यादी आपल्याकडच्या शिक्षक प्रशिक्षणातून गेलेल्या प्रत्येकाला पाठ असते. त्याआधीपासून आपल्याकडे परिपाठ आहेच. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बोधकथा असा तो क्रम. बोधकथा सांगणे वाईट नाही. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या गोष्टींवरच वाढल्या. पण करुणेची बोधकथा चालू असताना उशिरा आलेली चार मुले फाटकाबाहेर उन्हात उभी केलेली असतील, तर त्या सकाळी शाळेने दोन धडे दिले. त्यांतला कोणता मुलांच्या लक्षात राहील, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

तरीही मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाला हात घातला आहे आणि त्यांचे उत्तर पाहण्यासारखे आहे. वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डमधला मार्शमॅलोचा प्रयोग अनेकांनी ऐकलेला असतो. मुलासमोर एक गोड पदार्थ ठेवायचा. ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील’ असे सांगून मोठ्या माणसाने बाहेर जायचे. जी मुले थांबली ती पुढे अभ्यासात आणि आयुष्यात सरस ठरली, असा निष्कर्ष निघाला आणि संयमावरच्या असंख्य व्याख्यानांना विषय मिळाला. 2018 साली टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हे पुन्हा तपासले. घरची परिस्थिती, आईचे शिक्षण अशा गोष्टी हिशेबात धरल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध बराच फिका पडला. त्याहून बोलका प्रयोग सेलेस्ट किड यांचा आहे. तीन ते पाच वर्षांच्या अवघ्या 28 मुलांवरचा हा प्रयोग, पण त्याची रचना नेमकी होती. आधी मुलांना चित्र काढायला बसवले आणि ‘थांबा, याहून छान साहित्य आणते’ असे सांगितले. अर्ध्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्यांना ‘नाहीच आहे गं, संपले’ असे सांगून रिकाम्या हाताने परत येणारी बाई भेटली. मग तोच मार्शमॅलो. शब्द पाळणाऱ्या बाईची मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, शब्द मोडणाऱ्या बाईची तीन मिनिटे. पूर्ण पंधरा मिनिटे थांबणारी मुले पहिल्या गटात चौदापैकी नऊ होती, दुसऱ्यात एक.

कोणते मूल कोणत्या गटात जाईल हे योगायोगाने ठरले होते, म्हणजे स्वभावाचा किंवा संस्कारांचा प्रश्नच नव्हता. तीन मिनिटांत खाऊन टाकणाऱ्या मुलांमध्ये संयमाची उणीव होती असे म्हणणे अन्याय होईल. समोरच्या माणसाच्या शब्दाची किंमत त्यांनी बरोबर ओळखली होती. आपण ज्याला मुलाचा गुण किंवा दोष म्हणून प्रगतिपत्रकावर लिहितो, त्यातला मोठा वाटा मुलाच्या भोवतालच्या मोठ्यांचा असू शकतो, एवढे तरी यातून निघते.

मग जीवनकौशल्यांचा स्वतंत्र तास निरुपयोगी आहे का? तसेही नाही. जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या 213 शालेय कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन लाख सत्तर हजारांवर विद्यार्थी होते. कार्यक्रमात सहभागी मुलांचे वर्तन सुधारले, मनावरचा ताण कमी झाला आणि अभ्यासातही शंभरातल्या स्थानाच्या हिशेबाने सुमारे अकरा पायऱ्यांची प्रगती दिसली. पण अभ्यासातली ही प्रगती शाळेच्या स्वतःच्या शिक्षकांनी कार्यक्रम घेतला तिथेच ठळकपणे आढळली. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांना ती साधली नाही. याच्या उलट, अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने प्राथमिक शाळांतले असे सात कार्यक्रम तिसरी ते पाचवीपर्यंत तपासले, तेव्हा 2010 च्या अहवालात सरासरीने काहीच फरक दिसला नाही. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की ‘कार्यक्रम’ नावाच्या वस्तूत जादू नाही, हे कळते. कोण शिकवतो आणि उरलेला दिवस तो मुलांशी कसा वागतो, यावर सगळे अवलंबून राहते.

हे सगळे शिकवण्यावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो वजनदारही आहे: मुलांना वाचता येत नाही आणि तुम्ही भावना कसल्या शिकवता? ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून किंचित कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. हे लाजिरवाणे आहे. पण वाचायला शिकणाऱ्या मुलाला रोज चुकावे लागते, तेही चारचौघांत. चुकल्यावर हशा होतो त्या वर्गात मूल तोंडच उघडत नाही, आणि तोंड न उघडणाऱ्या मुलाला वाचायला शिकवण्याची पद्धत अजून कोणी शोधलेली नाही. भीती नसलेला वर्ग ही साक्षरतेचीच पहिली गरज आहे. तिच्यासाठी वेळापत्रकातले एक मिनिटही कापावे लागत नाही.

संस्कार हे घरचे काम, असेही म्हटले जाते. ते अर्धे खरे आहे. भावंडांशी भांडण मिटवणे घर शिकवते; पण वेगळ्या जातीच्या, वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या बोलीच्या मुलासोबत डबा खाणे, एका बाकावर बसणे, हे घर सहसा शिकवत नाही. काही घरे तर याच्या उलटच शिकवतात. शांतिलाल मुथा फाउंडेशनने 2009 मध्ये बीड जिल्ह्यात सुरू केलेला आणि पुढे राज्यभर नेलेला मूल्यवर्धन कार्यक्रम संविधानातल्या मूल्यांवर उभा राहिला आणि जोडीत-गटात काम करण्यावर त्याने भर दिला, तो याच कारणाने महत्त्वाचा.

सर्वांत टोकदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. गरिबाच्या मुलाला ‘ताणाचे समायोजन’ शिकवणे म्हणजे त्याला अन्याय निमूट सोसायला शिकवणे तर नाही? ऊसतोड करणाऱ्या आईबापांमागे अर्धे वर्ष फिरणाऱ्या मुलीला दीर्घ श्वास घ्यायला सांगून आपण तिच्यावर कोणते उपकार करतो? या आक्षेपाला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणणाऱ्यांपासून सावध राहावे. एवढे म्हणता येते की जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच दहा कौशल्यांच्या यादीत चिकित्सक विचार आणि परिणामकारक संप्रेषण हीदेखील कौशल्ये आहेत. आपल्या शाळा शांत बसणे उचलून धरतात आणि प्रश्न विचारणे सोयीस्करपणे विसरतात. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी काम उभे केले तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, म्हणून गुरे चरतात तिथेच भरणारी कुरणशाळा काढली. परिस्थितीशी जुळवून घेण्याचे कौशल्य तिथे आधी शाळेने दाखवले. ही दिशा आज जवळपास उलटी झाली आहे.

तेव्हा करायचे काय? दिल्ली सरकारने जुलै 2018 मध्ये नर्सरी ते आठवीसाठी आनंदाचा अभ्यासक्रम आणला आणि त्याला लेखी परीक्षा ठेवली नाही. त्या अभ्यासक्रमाबद्दल मतभेद असोत, हा निर्णय शंभर टक्के योग्य होता. समानुभूतीला श्रेणी दिली की मुले समानुभूतीचे नाटक शिकतात. आपल्याकडेही वर्णनात्मक नोंदी निम्म्याने कमी कराव्यात आणि तो वेळ शिक्षकाला मुलांसोबत घालवू द्यावा. शिक्षणहक्क कायद्याच्या 27व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक कामे शिक्षकाला देण्यास मनाई केली आहे. 17व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास. ही दोन कलमे प्रामाणिकपणे पाळली गेली तर जीवनकौशल्यांचा निम्मा अभ्यासक्रम पुस्तक न छापता सुरू होईल. ज्या शिक्षकाला प्रशासन रोज नवा आदेश देते आणि संध्याकाळी तो फिरवते, त्याने वर्गात शब्दाचा पक्का राहावे ही अपेक्षा करणारे आपण कोण?

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. म्हणजे आमच्या वाचकांपैकी काहीजण या समित्यांवर असतीलच. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या बैठकीत निकालाबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. उशिरा आलेल्या मुलाचे शाळा काय करते? चुकीचे उत्तर दिल्यावर वर्गात काय होते? मुलांना कबूल केलेली सहल, खेळाचा तास, स्नेहसंमेलन यांतले काय रद्द झाले, आणि ते मुलांना कोणी, कसे सांगितले? उत्तरे आमच्याकडे लिहून पाठवा, पुढच्या अंकात आम्ही त्यांना जागा देऊ.