भोक पाडण्यापूर्वी तीन प्रश्न

वर्गाच्या छताकडे जरा पाहा. पाच-सहा किलो वजनाचा पंखा तेथे तुमच्या डोक्यावर गरगर फिरत असतो. भिंतीवर फळा असतो, घड्याळ असते. घरी गीझर असतो, खिडकीबाहेर लोखंडी जाळी असते. या साऱ्या वस्तूंना काँक्रीटशी किंवा विटांशी कोण जखडून ठेवते? बोटाएवढा एखादा स्क्रू किंवा बोल्ट! लाखो रुपयांच्या इमारतीत सर्वांत कमी विचार होतो तो या बोटभर वस्तूचा. आपण दुकानात जातो, "चांगला मजबूत द्या" म्हणतो आणि दुकानदार देईल तो जाडजूड बोल्ट घेऊन येतो. ही रीत चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. भिंतीला भोक पाडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. कशात बसवायचे? भार कोणत्या दिशेने ओढणार? आणि किती काळ?

पहिला प्रश्न घेऊ. काँक्रीट म्हणजे मोठे मजबूत, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण मात्र दाबाच्या सुमारे एक दशांशच सोसू शकते. म्हणूनच तर स्लॅबमध्ये सळया घालतात. आता काँक्रीटमध्ये बसवलेला बोल्ट सरळ बाहेर ओढला तर काय होईल? पुष्कळदा पोलाद तुटत नाही. गवताचा ठोंब उपटताना मुळांबरोबर मातीचे ढेकूळ निघावे, तसा बोल्टबरोबर काँक्रीटचाच एक शंकू फुटून बाहेर येतो. या शंकूचे टोक बोल्टच्या तळाशी असते आणि पसरट बाजू पृष्ठभागाकडे.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. हा शंकू फोडायला किती जोर लागेल, हे बोल्टच्या जाडीपेक्षा तो किती खोल बसला आहे यावर ठरते. बोल्ट ४ सेंटिमीटरऐवजी ८ सेंटिमीटर खोल बसवला, तर ही ताकद सुमारे २.८ पट होते. नुसती जाडी वाढवून तसे होत नाही. ही खोली काँक्रीटच्या पृष्ठभागापासून मोजायची असते, वरचा गिलावा त्यात धरायचा नाही. शिवाय शंकूला पसरायला जागा हवी. म्हणून बोल्ट कडेपासून खोलीच्या निदान दीडपट अंतरावर आणि दोन बोल्ट एकमेकांपासून तिप्पट अंतरावर असावेत, असा साधारण ठोकताळा आहे. अगदी कडेला ठोकलेला जाड बोल्ट काँक्रीटचा कोपराच फोडतो.

समोर काँक्रीट आहे की वीट, हे कसे ओळखायचे? ड्रिलमधून पडणारी भुकटी पाहा. ती तांबडी असेल तर आत भाजलेली वीट आहे, करडी आणि भोक पाडायला कठीण जात असेल तर बहुधा काँक्रीट. पोकळ ठोकळ्यांच्या भिंतीत काँक्रीटचा बोल्ट बसवणे म्हणजे पापडात खिळा ठोकण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न दिशेचा. तसबिरीचे वजन स्क्रूला मुख्यतः खाली दाबते. पंख्याचे वजन मात्र बोल्टला भोकातून सरळ बाहेर खेचत असते. तसबिरीला चालणारी वस्तू पंख्याला चालेलच असे नाही. १९११ च्या सुमारास इंग्लंडमधील जॉन रॉलिंग्ज यांनी तागाच्या धाग्यांची गिट्टी तयार केली. 'रॉलप्लग' हे नाव त्यांच्यावरूनच पडले. १९५८ साली जर्मनीच्या आर्थर फिशर यांनी नायलॉनची गिट्टी काढली. स्क्रू आत शिरला की गिट्टी फुगते आणि घर्षणाने भोकाला घट्ट धरते. तसबीर, घड्याळ, विजेचा बोर्ड यांना ती पुरेशी आहे. जड वस्तूंसाठी पोलादी अँकर फास्टनर असतो. नट आवळला की त्यातील पाचर वर सरकते आणि भोवतीची नळी फाकून काँक्रीटवर दाब देते. पण हाच दाब कडेजवळ घातक ठरतो. तेथे भोकात चिकटद्रव्य भरून बसवलेला बोल्ट सरस ठरतो, कारण तो काँक्रीटला फाकवत नाही. मात्र भोक ब्रशने व हवेने स्वच्छ केलेले हवे. धूळ राहिली, तर चिकटद्रव्य काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटते!

तिसरा प्रश्न काळाचा. हा कोणी विचारतच नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. डांबराच्या गोळ्यावर हातोडा मारा, तो काचेसारखा फुटेल. तोच गोळा तसाच ठेवून द्या, काही दिवसांत तो हळूहळू पसरेल. काही चिकटद्रव्ये अशीच वागतात. घटकाभराच्या चाचणीत ती भरपूर भार पेलतात, पण तोच भार वर्षानुवर्षे लटकत राहिला की केसाकेसाने सरकतात. अमेरिकेत बॉस्टन शहरातील एका बोगद्याचे काँक्रीटचे छत अशाच बोल्टांवर टांगले होते. १० जुलै २००६ रोजी ते बोल्ट निसटले, सुमारे २४ टन वजन एका मोटारीवर कोसळले आणि एक महिला प्राणास मुकली. चौकशीत आढळले की सतत टांगलेल्या भाराला अयोग्य असे चिकटद्रव्य तेथे वापरले होते. जपानमध्ये २ डिसेंबर २०१२ रोजी सासागो बोगद्याचे छत पडून नऊ माणसे दगावली. तो बोगदा १९७७ साली खुला झाला होता. पस्तीस वर्षांत चिकटवलेल्या बोल्टांची पकड सुटत गेली आणि तपासणीत ती लक्षात आली नाही.

काळाबरोबर हवेचाही विचार हवा. समुद्रकाठी साधे पोलाद लवकर गंजते, म्हणून तेथे स्टेनलेस स्टील वापरतात. मग सगळीकडे तेच वापरावे का? तसेही नाही. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे १९८५ साली पोहण्याच्या तलावावरचे छत पडून बारा जण मरण पावले. तलावाच्या क्लोरीनयुक्त हवेने स्टेनलेस स्टीलच्याच सळयांना तडे गेले होते.

"हे इंजिनिअरांचे काम, आम्हाला त्याचे काय?" असे तुम्ही म्हणाल. बोगद्यापुरते ते खरे आहे. पण घरातला गीझर, माळा, जाळी बसवताना हिशेब करायला कोणी इंजिनिअर येत नाही. तेथे प्रश्न विचारणारा घरातलाच कोणीतरी लागतो. माझ्या मते सर्वांत चांगला फास्टनर म्हणजे आधीच ठरवून ठेवलेला. स्लॅब ओतण्यापूर्वी सळयांत अडकवलेला पंख्याचा हूक नंतर पाडलेल्या कोणत्याही भोकापेक्षा भरवशाचा असतो.

तुम्ही स्वतः ड्रिल हाती घेऊ नका, भिंतीत विजेच्या तारा असतात. पण घरी कारागीर आला, की हे तीन प्रश्न त्याला जरूर विचारा. जाणता कारागीर रागावणार नाही, उलट खुशीने समजावून सांगेल. आणि ज्याला उत्तर देता येत नाही, त्याने तुमच्या डोक्यावर काहीही टांगू नये, हेच बरे!